शाल, श्रीफळ आणि ब गट

कळंबोलीच्या नवप्रभात क्रीडा मंडळाचा फुटबॉल संघ सत्त्याण्णव साली जिल्हा लीगच्या अ गटातून घसरून ब गटात गेला, तो काही खेळता येत नव्हतं म्हणून नव्हे. खेळता तसंही येत नव्हतं. पण तेवढ्यावरून कुणी खाली जात नाही, त्या गटात निम्म्या संघांना येत नव्हतं. मंडळ बुडालं ते सत्काराच्या हौसेनं. आणि ज्याच्यामुळे शेवटचा गोल बसला त्या सदू हिवाळेचा, म्हणजे मंडळाच्या गोलकीपरचा, तोवर उभ्या जन्मात कुणी सत्कार केला नव्हता. आता बोला!

सदू लोखंड बाजारात माथाडी होता. दिवसभर सळयांचे भारे ट्रकवरून उतरवायचे आणि संध्याकाळी तेच हात घेऊन गोलात उभं राहायचं. त्याच्या पंजात चेंडू आला की पुन्हा सुटायचं नाव घेत नसे. मूळचा तो जालन्याकडचा. गावात लहानपणी त्यानं सत्कार पाहिले होते, चावडीपुढचे. पाटलांनी सरपंचाचा करायचा, सरपंचांनी पाटलांचा करायचा, आणि बौद्धवाड्यातल्या माणसांनी लांब उभं राहून टाळ्या वाजवायच्या. सदूच्या बापानं, आबानं, तर जन्मभर तेवढंच केलं. म्हातारा टाळ्या मात्र फार मनापासून वाजवायचा, याचाच सदूला राग यायचा. तेव्हापासून त्याच्या मनात एक गोष्ट घट्ट बसली होती: एकदा तरी आपल्या खांद्यावर शाल पडावी आणि माईकवरून आपलं नाव यावं. बाकी जगाकडे त्याचं काही मागणं नव्हतं.

आणि माणूस नेमका येऊन पडला कुठे, तर नवप्रभात मंडळात! तिथं शालीखालून सुटलेला माणूस सापडणं मुश्कील. मंडळाचे सेक्रेटरी सुधीर ठोंबरे एका ट्रान्सपोर्ट कंपनीत कारकून होते, पण त्यांचा खरा धंदा माईक. माईक हातात आला की त्यांचं बोट त्याच्या बटणावरून निघत नसे. सामना असो नसो, लाउडस्पीकर हवा. स्टेज म्हणजे एक ट्रक. फाळका पाडला, सतरंजी टाकली, झालं व्यासपीठ. तो ट्रक मैदानाच्या कडेला का उभा करत नव्हते? कारण विजेचं कनेक्शन एका गोलामागच्या पानटपरीतून घेतलं होतं आणि वायर तेवढीच लांब होती. म्हणून आमचं व्यासपीठ कायम गोलाच्या पाठीशी. जगात असं दुसरं मैदान नसेल, आणि नसावंच.

त्या मोसमातला पहिला सामना मंडळ पाच गोलांनी हरलं. सुधीररावांनी माईकवरून प्रतिस्पर्ध्यांचं अभिनंदन केलं, त्यांच्या कॅप्टनला शाल घातली आणि "पराभवातही आपण मनं जिंकली" असं जाहीर केलं. दुसऱ्या सामन्यात पंचांचा सत्कार झाला. तिसऱ्यात मैदानावर रोलर फिरवून देणाऱ्या कंत्राटदाराचा. पुढचं सगळं उरकायचं मध्यंतरात. दहा मिनिटांचं मध्यंतर सुधीररावांच्या "दोन शब्दां"नी पाऊण तासावर जायचं, तोवर पोरं उन्हात बसून आंबायची. मग उत्तरार्धात लाकडासारखे पाय घेऊन पळायची आणि गोल खायची.

प्रशिक्षक अहमदशेठ मुकरी श्रीवर्धनकडचे, स्वतःचे चार ट्रक असलेले, तरुणपणी बरं खेळलेले. ते कपाळावर हात मारून घ्यायचे.

"अरे ठोंबरे, पोरांच्या पोटऱ्या थंड होतात रे! सगळे गोल मध्यंतरानंतर खातोय आपण. बंद कर ना तुझा हा तमाशा."

सुधीरराव म्हणाले, "शेठ, मुद्दा अगदी रास्त आहे. यावर आपण समिती नेमू."

समिती नेमली. पुढच्या सामन्याच्या मध्यंतरात समितीच्या सदस्यांचा सत्कार झाला. तो सामनाही हरलो, हे वेगळं सांगायला नको.

या सगळ्यात शाल मात्र एकच होती. तपकिरी, जरीच्या काठाची. मंडळ काही टाटा-बिर्ला नव्हतं. रीत अशी की पाहुणे भाषण ठोकून निघाले की शाल-नारळ टेबलावर ठेवून जातात. मोठ्या माणसांना शालींचं काय कौतुक? पण एखादा अडाणी पाहुणा शाल अंगावर घेऊनच गाडीत बसायला निघाला, तर ती परत आणायचं काम सदूचं. तो ड्रायव्हरला बाजूला घेऊन सांगायचा, "सायेबांची शाल जरा इस्त्री करून पाठवतो." सत्काराचं तबक धरणारा सदूच, नारळ सोलून शेंडी ठेवणारा सदूच, आणि सामन्यानंतर शाल घरी नेऊन ट्रंकेत ठेवणाराही सदूच. चांगुणाबाई, त्याची बायको, ती उन्हात टाकायची, इस्त्री फिरवायची, डांबरगोळ्या घालायची.

एकदा दुपारी तिनं गंमत म्हणून ती शाल त्याच्या खांद्यावर टाकली.

"आवो, ब्येस दिसतंय की! तुमाला कवा घालनार ही मान्सं?"

सदू दोन मिनिटं आरशासमोर उभा राहिला. मग शाल काढून नीट घडी घातली.

"घरातला सत्कार काई खरा नसतो," तो म्हणाला. "माईक नाय, काई नाय."

चांगुणाबाई हसली, पण तिला वाईट वाटलं. आपल्या नवऱ्याची हौस एवढीशी आणि तीही कुणाला दिसत नाही, याचा तिला भारी संताप यायचा. कितीदा म्हणाली, सुधीररावांना सांगा. सदू म्हणायचा, "सत्कार मागून घ्यायचा आसतो व्हय?" बिचाऱ्याला कुठे ठाऊक, की त्या मंडळातल्या झाडून सगळ्यांनी मागूनच घेतला होता.

होता होता मोसम संपत आला. शेवटचा सामना उरणच्या संघाशी, आपल्याच मैदानावर. हिशेब सरळ होता: बरोबरी झाली तरी अ गटात राहतो, हरलो की ब गटात. अहमदशेठनी सेक्रेटरींना शपथ घातली की आज मध्यंतरात माईक बंद. सुधीररावांनी शब्द दिला आणि, आश्चर्य म्हणजे, पाळला. कारण प्रमुख पाहुणे मध्यंतरापर्यंत आलेच नव्हते.

आणि त्या दिवशी सदू काय खेळला म्हणता! उरणकरांनी चेंडू वर मारला, खाली मारला, जवळून मारला, लांबून मारला. सदू प्रत्येक चेंडूच्या आडवा. एकदा तर खांबावर डोकं आपटून घेतलं पण चेंडू सोडला नाही. अहमदशेठ, ज्यांनी मोसमभर शिव्यांखेरीज काही दिलं नव्हतं, ते कडेनं ओरडत होते, "शाब्बास रे माझ्या वाघा!" सदूला बरं वाटलं. पण शेठच्या हातात माईक नव्हता.

सामना संपायला थोडाच वेळ उरला, गोलफलक कोरा, आणि धुरळा उडवत पांढरी गाडी आली. प्रमुख पाहुणे! सुधीरराव ट्रकवरून उडी मारून धावले, मागून तबक घेऊन कार्यकर्ता. सदू गोलात होता ना, तबक धरायला आज दुसराच माणूस. पाहुणे गाडीतून उतरता उतरताच म्हणाले, "ठोंबरे, मला लगेच खारघरला जायचंय, इमारतीची पायाभरणी आहे. आणि मला शाल नको हो, घरात ठेवायला जागा नाही. माझ्या हस्ते कुणाचा तरी करा आणि मला मोकळं करा."

आली का पंचाईत! कुणाचा करायचा? सुधीररावांनी चहूकडे पाहिलं. अध्यक्षांचा झालेला. उपाध्यक्षांचा दोनदा झालेला. समितीचा झालेला. पानटपरीवाल्याचा विजेच्या कनेक्शनपायी झालेला. कोरा खांदा म्हणून दिसेना. आणि मग त्यांची नजर गेली समोरच, गोलाच्या जाळीपलीकडे, पाठमोऱ्या सदूवर. चौदा वर्षं तो माणूस तिथेच उभा होता, पण सुधीररावांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

पलीकडच्या टोकाला नवप्रभातला कॉर्नर मिळाला होता. आपली सगळी पोरं तिकडे गेलेली, उरणचीही तिकडेच. आणि लाउडस्पीकर खरखरला.

"बंधूंनो आणि भगिनींनो! आपल्या मंडळाचे ज्येष्ठ गोलरक्षक, श्रीयुत सदू भिकाजी हिवाळे यांचा सत्कार प्रमुख पाहुण्यांच्या शुभहस्ते होत आहे. श्रीयुत हिवाळे यांनी पुढे यावं, ही विनंती!"

सदूच्या कानात नुसतं घुमलं. श्रीयुत! भिकाजी! बापाचं नाव माईकवर! त्यानं लांब पाहिलं, चेंडू पार त्या टोकाला. मागे पाहिलं, शाल उघडलेली. पाहुणे घड्याळ बघताहेत. आणि सदू खांबाला वळसा घालून जाळीमागे गेला.

फोटोग्राफर ट्रकवर चढला होता. "मैदान मागे येऊ द्या, क्लबचा फोटो वाटला पाहिजे," म्हणून त्यानं पाहुण्यांना आणि सदूला गोलाकडे पाठ करून उभं केलं. पाहुण्यांनी शाल घातली. इतकी वर्षं जी इस्त्री करवून आणली ती शाल सदूच्या घामेजल्या खांद्यांवर पडली, डांबरगोळ्यांच्या वासासकट. हातात नारळ आला. सुधीररावांनी पुन्हा "श्रीयुत सदू भिकाजी" म्हणत "दोन शब्द" सुरू केले.

आणि तिकडे बोंब उठली. उरणच्या एका बॅकनं कॉर्नरचा चेंडू जो भिरकावला, तो मध्यरेषा ओलांडून टप्पे खात इकडे निघाला. मध्ये चिटपाखरू नाही. अहमदशेठ ओरडत धावत होते, "सदू! अरे गोल! अरे गाढवा, गोल!" लोक ओरडत होते, पोरं ओरडत होती.

सदूनं मान वळवून पाहिलं. चेंडू काही फार जोरात येत नव्हता. चार ढांगांचं अंतर, खांबाला वळसा घालायचा, आडवं पडायचं, बस. त्याच्यासारख्याला सहज जमलं असतं.

"इकडे बघा, हलू नका!" ट्रकवरून फोटोग्राफर म्हणाला.

सदूनं मान परत वळवली आणि हसला. फ्लॅश उडाला. चेंडू रांगत रांगत गोलात शिरला आणि जाळीला टेकून थांबला.

झालं. नवप्रभात ब गटात गेलं. सुधीररावांनी लीगकडे रीतसर तक्रार केली, की सत्कार चालू असताना गोल करणं हे शिष्टाचाराला धरून नाही. लीगवाले बरेच दिवस हसत होते म्हणतात. अहमदशेठनी सदूशी बोलणं टाकलं. पण मंडळाच्या सभेत मात्र सगळ्यांनी त्याला माफ करून टाकलं. त्याची पाठ होती, त्याला चेंडू दिसलाच नाही, ओरडणं त्याला टाळ्यांसारखं वाटलं असणार, भोळा माणूस! असं ज्यानं त्यानं म्हटलं. सदू खाली मान घालून बसला होता. भोळाच दिसला.

आठवड्यानं सुधीरराव त्याच्या खोलीवर आले. हातात फोटो. पाहुणे, सदू, शाल, नारळ, आणि पाहुण्यांच्या कोपराखालून दिसणारी जाळी अन् जाळीच्या तोंडाशी चेंडू. चांगुणाबाईनं चहा ठेवला.

"फोटो मात्र झकास आलाय," सुधीरराव म्हणाले. "सदूभाऊ, ती शाल तेवढी काढून ठेवा हं. पुढच्या मोसमाचं उद्घाटन थाटात करू. ब गट असला म्हणून काय झालं? आणि मनाला लावून घेऊ नका. तुमची पाठ होती, तुमचा काय दोष?"

चहा पिऊन ते गेले. चांगुणाबाई फोटो हातात घेऊन दारातल्या उजेडाला गेली. तिनं नवऱ्याचं तोंड पाहिलं. एवढं हसताना तिनं त्याला लग्नातही पाहिलं नव्हतं. मग तिनं चेंडू पाहिला. मग पुन्हा तोंड पाहिलं.

"आवो," ती म्हणाली, "खरं सांगा. दिसला व्हता ना चेंडू?"

सदूनं सुधीररावांची कपबशी उचलून मोरीत ठेवली.

"दिसला व्हता," तो म्हणाला.

"मंग?"

"मंग काय? माईकवर आबाचं नाव चालू व्हतं."

चांगुणाबाईनं डोळ्यांना पदर लावला. मग आत येऊन तिनं शालीची घडी घातली, ट्रंकेत ठेवली, आणि या खेपेला ट्रंकेला कुलूप लावलं.