हत्ती मागे घेतला तिथे

स्पर्धेत आज मी हरलो. हात मिळवून निघालो, तर माझ्याशी खेळलेले काका म्हणाले, "थांबा, बाहेर बसून एकदा बघू." व्हरांड्यातल्या बाकावर पट मांडून आम्ही तोच डाव पहिल्यापासून खेळत गेलो. मध्येच त्यांनी माझा हात अडवला. "इथे तुम्ही हत्ती मागे घेतलात. मी तर डाव सोडायच्या बेतात होतो."

तेव्हा त्यांचा चेहरा इतका शांत होता, की त्याला घाबरूनच मी मागे आलो होतो.

बुद्धिबळातली ही रीत मला आवडते. डाव संपला की समोरचा माणूस आपली भीतीसुद्धा सांगून टाकतो. घटस्फोटाच्या दिवशी सुनीता कोर्टाच्या पायरीवर जरा थांबली होती. चेहरा असाच शांत. मग दोघं दोन रिक्षांनी निघून गेलो. ती का थांबली होती, ते मी कधी विचारलं नाही, आणि आता ती नाही.

"हत्ती तिथेच ठेवून बघू," काका म्हणाले.

ठेवला. थोड्याच चालींत त्यांचा राजा अडकला. ते मनापासून हसले. मला मात्र पटावरची नजर वर उचलता येईना.