उपाशीपोटी चार गोळ्या

मोठ्या जावेचा मला राग होता आणि तो अजून आहे.

दोघींच्या मुली एकाच वर्षी दहावी झाल्या. माझे मिस्टर उमरीच्या शाळेत शिक्षक, थोरले दीर गावाकडची शेती बघायचे. मुलीला डॉक्टर करायचं तर लातूरच्या क्लासला घालायचं, हे तेव्हा घरोघरी ठरलेलं असायचं. सासूबाईंनी फर्मान काढलं, "दोन खोल्या घ्या, दोघी जावा पोरींपाशी राहा. चूल एकच ठेवा." इतकी वर्षं एकमेकींना टाळत आलेल्या आम्ही दोघी अशा क्लासच्या गल्लीत, एका ओट्यापाशी येऊन पडलो.

जावेला मी अक्का म्हणायची. अक्का तेव्हा गोळ्या विकायच्या. कुठल्याशा हॉलमध्ये दोन दिवसांचं शिबिर करून आल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांना समोरच्या प्रत्येक माणसात काहीतरी कमी दिसायचं. घरमालकिणीला लोह कमी, दूधवाल्याला झिंक कमी. देवाच्या फळीवर गणपतीला खेटून हिरव्या झाकणाच्या बाटल्या मांडलेल्या. मला बाळंतपणानंतर थायरॉइडचा त्रास लागला होता. त्याची एक बारीक पांढरी गोळी मी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची. ते अक्कांना खुपायचं.

"डाक्टरच्या गोळीनं हाडं भुसभुशीत होतात," त्या म्हणायच्या. "माझ्याकडची घे. हे कॅल्शियम हाडाला, ही जवसाच्या तेलाची हृदयाला, अन् ही समुद्रातल्या शेवाळाची थायरॉइडला. सहा महिन्यांत डाक्टर सुटंल."

"नको अक्का. माझं बरं चाललंय."

"बरं चाललंय म्हणूनच तोंड सुजलंय व्हय?"

हाडांचं वेड त्यांना कुठून लागलं ते मला ठाऊक होतं. त्यांचं माहेर किल्लारीकडचं. भूकंपात त्यांची आई दगडमातीच्या भिंतीखाली सापडली, कंबर मोडली ती मोडलीच. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये पडून पडून ती गेली. अक्कांनी तिचं सगळं अंथरुणात केलं. हे सासूबाईंनी मला सांगितलं होतं, तरी मला अक्कांची दया यायची नाही. आपण दुःख भोगलं म्हणून दुसऱ्याच्या तोंडात गोळ्या कोंबायचा हक्क मिळतो, असं मला आजही वाटत नाही.

मग पहिल्या चाचणीचा निकाल लागला. अक्कांची मुलगी वरच्या बॅचला गेली, माझी फिजिक्समध्ये आपटली. माझी मुलगी गच्चीवर जाऊन रडत बसली. अक्का म्हणाल्या, "रडायला काय झालं? माझी पोरगी शिकविल की तिला रोज संध्याकाळी तासभर. आपण काय परके हाव?" आणि बोलता बोलता त्यांनी तिन्ही बाटल्या फळीवरून काढून माझ्यापुढं ठेवल्या. "उद्यापासून सुरू कर."

मला कळायचं ते कळलं. मुलीसाठी मी कबूल झाले.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी माझी पांढरी गोळी आणि अक्कांच्या तीन, अशा चारही मी एकदमच पाण्यासोबत गिळायला लागले. शाळेतल्या बाई पाढे म्हणून घेतात तशा अक्का समोर उभ्या राहून बघायच्या. मला चीड यायची, पण पलीकडच्या खोलीत दोन्ही पोरी वह्या घेऊन बसलेल्या दिसल्या की मी चीड गिळायची.

दोन-अडीच महिन्यांत हातपाय जड झाले. केस मूठभर हातात यायचे. लातुरात ऑक्टोबरचा उकाडा, आणि मला सकाळी थंडी वाजायची. एकदा गॅसपाशी उभ्या उभ्या डुलकी लागली, सगळं दूध उतू गेलं. अक्का म्हणाल्या, "घाण बाहेर पडायलीय. लागू पडायलंय बघ."

शेवटी मी एकटीच डॉक्टरीणबाईंकडं गेले. रक्त तपासलं. थायरॉइडचा आकडा पार बिघडलेला.

"गोळी चुकवता?" त्यांनी विचारलं.

"एक दिवससुद्धा नाही."

"मग सोबत काय घेता?"

मी पिशवीतल्या बाटल्या टेबलावर काढल्या. त्यांनी कपाळाला हात लावला. "कॅल्शियम या गोळीला पोटातच धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. दोन्हींत चार तासांचं अंतर लागतं. तुम्ही गोळी रोज घेत होता, पण ती पोचतच नव्हती. आणि हे शेवाळ आधी बंद करा. यात आयोडीन किती, हेसुद्धा लिहिलेलं नाही."

घरी आले तेव्हा अक्का भाकरी थापत होत्या. मी बाटल्या त्यांच्या परातीत, पिठातच ठेवल्या आणि डॉक्टरीणबाईंचं बोलणं सांगितलं.

"मी समद्या एकदम गिळ म्हणले व्हते का?" अक्का म्हणाल्या. "विचारायला तुला तोंड नव्हतं?"

"रोज समोर उभ्या राहायच्या की तुम्ही!"

"फेकून द्यायलीस का काय, ते बघायला. तुझा भरोसा हाय का?"

तेव्हा मी नको ते बोलले. म्हणाले, "तुमच्या आईच्या अंगावर भिंत पडली होती. ती कॅल्शियमनं उठली नसती."

अक्कांनी पिठाच्या हातांनीच बाटल्या पुसून फळीवर ठेवल्या आणि पुन्हा भाकरी थापायला बसल्या. भाकरी त्यांच्यापुरत्या आणि त्यांच्या मुलीपुरत्याच झाल्या. दुसऱ्या दिवसापासून चुली दोन झाल्या, संध्याकाळची शिकवणीही बंद पडली.

मी भीत भीत मुलीला विचारलं, "आता फिजिक्सचं कसं गं?"

"बरं झालं, आई," ती म्हणाली. "ताई शिकवायचीच न्हाई. तिची ती गणितं सोडवायची, मी नुसती वही धरून बसायची."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझं अन् मोठ्या आईचं बिघडू नये म्हणून."

मला तिचाही राग आला. दिवसभर मी तिच्याशी नीट बोलले नाही.

गोळी वेगळी घ्यायला लागल्यावर हळूहळू माझी तब्येत सुधारली. मुलगी डॉक्टर झाली नाही. नांदेडला पदवी घेऊन बँकेत लागली. अक्कांची झाली. तिच्या लग्नाला मी गेले, पुतणी आहे म्हणून. मंडपात अक्का पाहुण्यांना माझी ओळख करून देत होत्या. म्हणाल्या, "ही माझी धाकटी जाऊ. हिचं थायरॉइड मीच आटोक्यात आणलं."

"आणलं नाही, बिघडवलं," मी मोठ्यानं म्हणाले.

मिस्टरांनी माझा दंड धरून मला बाहेर नेलं. त्या दिवशी आम्ही दोघं बसस्टँडसमोरच्या हॉटेलात जेवलो.