वहिनींनी निवडलेलं गाव

श्रावणातल्या त्या दुपारी दार उघडलं तर समोर मारुती उभा होता. लोणावळ्याजवळ औंढे नावाचं गाव आहे, तिथल्या ठकूबाईचा हा थोरला मुलगा. ठकूबाई माझ्या वहिनींकडे वर्षानुवर्षं भाजी घेऊन यायची. पुण्यात तेव्हा स्वच्छ ऊन पडलं होतं आणि मारुतीच्या खांद्यावरचं घोंगडं मात्र पाण्यानं जड झालेलं. मी आत ये म्हटलं, पण तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"बाई गेल्या," तो म्हणाला. "आय म्हनली, तारबिर करत बसू नगंस. तू सोता जा आन् त्यास्नी घिऊनच ये."

गाडीत बसल्यावर त्यानं सांगितलं ते एवढंच. सकाळी दार उघडलं नाही म्हणून ठकूबाईनं हाका मारल्या, शेजारचे आले, कडी काढली. वहिनी कुशीवर झोपल्या होत्या, पांघरूणसुद्धा विस्कटलेलं नव्हतं. तळेगाव येईपर्यंत त्याचं सांगून झालं. पुढे वडगाव, कामशेत, मळवली… दोन्ही बाजूंना नुकती रोपं लावून आवणी झालेली भातखाचरं होती आणि आम्ही दोघं आपापल्या खिडकीतून ती बघत राहिलो.

सुशीलावहिनी माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. दादा सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होता. रस्ते, मोऱ्या, पूल ही त्याची कामं, आणि काम संपलं की बदली. वहिनी मूळच्या गिरगावातल्या. लग्न झालं आणि त्या जे फिरतीला लागल्या ते दादाच्या निवृत्तीपर्यंत. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांनी वर्षभर नदीचं पाणी गाळून प्यायलं, सोलापूरकडे एका क्वार्टरमध्ये विंचवांशी संसार केला. तक्रार अशी मी कधी ऐकली नाही. पण ट्रंका भरण्याची त्यांची एक पद्धत ठरून गेली होती, आणि नव्या गावात गेल्यावर त्यातली एक ट्रंक त्या कधीच पूर्ण रिकामी करत नसत. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाल्या, "पुन्हा भरायचीच आहे ना भाऊजी."

निवृत्तीला वर्षभर राहिलं तेव्हा दादा सातारला होता. दिवाळीला मी तिथे गेलो होतो. जेवणं झाल्यावर पुढं कुठं राहायचं हा विषय निघाला आणि दादा सहज बोलून गेला, "आजवर सरकारनं ठरवलं, आता तू ठरव." पुरुष असं बोलतात. त्यात बोलण्यापलीकडे फारसं काही नसतं. वहिनींनी पानाचा डबा बाजूला ठेवला आणि विचारलं, "खरंच मी ठरवू?" दादा हसला, हो म्हणाला. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी तो शब्द धरून ठेवला.

त्यानंतरचं वर्ष आम्ही गावं बघितली. मी शाळेत शिक्षक, सुट्ट्या भरपूर, बायको-मुलांचा पाश नाही, त्यामुळे बहुतेक फेऱ्यांना मी सोबत असायचो. वहिनींच्या मनात एवढं पक्कं होतं की मोठं शहर नको आणि खेडंही नको. डॉक्टर असावा, बाजार असावा, वाचनालय असावं, आणि घरातून डोंगर दिसावा. सातारा दादाला मनापासून आवडायचं. अजिंक्यतारा तर खिडकीतच होता. पण वहिनी नको म्हणाल्या. इथं आपण साहेब म्हणून राहिलो, माणसं नमस्कार करायची ती हुद्द्याला करायची, हुद्दा गेल्यावर त्याच रस्त्यानं रोज फिरायला जाणं तुम्हाला जड जाईल, असं त्यांनी त्याला समजावलं. दादा थोडा दुखावला, पण त्याला ते पटलं असावं. पुन्हा त्यानं सातारचं नाव काढलं नाही. नाशिकला दादाच्या सासुरवाडीचे इतके नातेवाईक होते की त्यांच्याकडे चहा घेता घेताच दोन दिवस गेले. परत येताना वहिनी म्हणाल्या की इथं मी माझ्या घरात कमी आणि दुसऱ्यांच्या घरांत जास्त असेन. पुणं मी सुचवलं होतं. त्यावर त्यांनी नुसती माझ्या पाठीवर थाप मारली.

दादाचं मन हळूहळू तळेगावावर बसलं. हवा कोरडी, पाणी चांगलं, पुणं जवळ, मोकळ्या जागा मिळत होत्या. त्याला खोकल्याचा जुना त्रास होता, त्यामुळे तळेगाव सर्वांनाच पटलं. त्यांची एकुलती एक मुलगी मंगल मुंबईला होती, तीही तळेगावच म्हणाली. वहिनींनी तळेगावला नावं ठेवली नाहीत. तिथलं तळं त्यांनी फिरून पाहिलं, बाजार पाहिला. मग म्हणाल्या, गाडी पुढे जातेच आहे, तर एकदा लोणावळा बघू.

ते वैशाखाचे दिवस होते. लोणावळा पाहुण्यांनी फुललेलं, चिक्कीच्या दुकानांपुढे गर्दी, बंगल्यांच्या फाटकांशी मोटारी. दादा म्हणाला, हे गाव चार दिवसांच्या हौसेचं आहे. वहिनी भाजीबाजारात शिरल्या. तिथे टोपली घेऊन बसलेल्या एका बाईसमोर त्या उकिडव्या बसल्या. तीच ठकूबाई. करवंदं घेता घेता वहिनींनी तिला विचारलं की पावसाळ्यात हे बंगलेवाले जातात, मग इथं राहतं कोण?

ठकूबाईनं त्यांच्याकडे नीट बघितलं. "आमी ऱ्हातो की," ती म्हणाली. "लय पाऊस असतुया बाई. धा-धा दिस ऊन दिसत न्हाई. पन मानूस दिसतं."

परतीच्या गाडीत वहिनींनी सांगितलं की आपण इथं राहायचं. दादा कर्जत-खोपोलीकडे रस्त्याच्या कामावर राहिलेला माणूस, घाटातला पाऊस त्याला चांगला ठाऊक होता. त्यानं ओल, बुरशी, खोकला सगळं काढलं. वहिनींनी ऐकून घेतलं आणि अगदी हळू विचारलं की मग मी ठरवायचं असं तुम्ही का म्हणालात? पुण्याचं स्टेशन आल्यावर, उतरता उतरता दादा म्हणाला, "ठीक आहे. लोणावळा."

तुंगार्लीच्या बाजूला कौलारू छपराचं, पुढे लांबरुंद पडवी असलेलं एक छोटं घर मिळालं. पहिला पावसाळा दादानं कुरकुरत काढला. बुटांवर बुरशी, काड्यापेटी पेटेना, पापड तळायच्या आधीच मऊ. मी जायचो तेव्हा तो मला पंचा पिळून दाखवायचा. पण दुसऱ्या वर्षी काय झालं कोण जाणे, तो छत्री घेऊन बाहेर पडायला लागला. रस्त्याच्या कडेची गटारं कुठे तुंबली, वळवणच्या धरणात पाणी किती चढलं, घाटात दरड कुठे आली, हे सगळं बघून येऊन तो वहिनींना सांगायचा. नोकरी करताना घरी आल्यावर तो कामाचं अवाक्षर बोलत नसे. आता मात्र अर्धा अर्धा तास बोलायचा आणि वहिनी शेगडीवर कपडे वाळवत ऐकायच्या. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाईनं गाव बरं शोधलं." बाईला मात्र त्यानं ते सांगितलं की नाही मला माहीत नाही.

तिसरा पावसाळा सरला, आश्विनातलं लख्ख ऊन पडलं, आणि एका दुपारी जेवून पडवीत बसलेला दादा बसल्या जागी गेला. डॉक्टरांनी हृदय थांबलं असं सांगितलं. खोकल्याचा काही संबंध नव्हता, पाऊस तर संपून गेला होता. पण भेटायला येणाऱ्या माणसांना कारण लागतं. तळेगावला राहिला असता तर… हे वाक्य कुणी पुरं करत नसे आणि प्रत्येकजण सुरू मात्र करत असे. दहाव्या दिवशी पानं वाढताना मंगलही ते बोलली. तिनं ते पुरं केलं. "आई, बाबांना तळेगावला राहायचं होतं. तुझ्यासाठी ते इथे आले."

वहिनींच्या हातात भाताचं पातेलं होतं. त्यांनी ओळीनं सगळ्यांना भात वाढला, मंगललाही वाढला, आणि आत गेल्या.

दोन दिवसांनी मी त्यांना पुण्याला चला म्हटलं. एकट्या कशा राहणार, माझं घर मोकळंच आहे, वगैरे. आम्ही पडवीत होतो. समोर पावसानं धुतलेले डोंगर इतके जवळ आलेले दिसत होते की त्यांच्याकडे बघवत नव्हतं. वहिनी बोलल्या.

"भाऊजी, चांगलं झालं असतं तर सगळे म्हणाले असते, दोघांनी मिळून निवडलं. वाईट झालं, तर निवड माझी. असू दे. होतीच ती माझी." मग म्हणाल्या, "मी रात्रंदिवस विचार केलाय. तळेगावला ते जास्त जगले असते का, हे मला कळणार नाही. तुम्हालाही नाही, मंगललाही नाही. ते न कळताच मला राहायचंय."

मी विचारलं, मग इथंच का? या गावात तुमचं कोण आहे?

तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर कुणाजवळ बोललो नव्हतो. लग्नानंतर गिरगावातून पुण्याला सासरी परत निघताना प्रत्येक वेळी घाट चढून आलेली गाडी लोणावळ्याला थांबायची. पोर मांडीवर असलं तर शेजारणीकडे देऊन त्या फलाटावर उतरायच्या. गार वारं असायचं. "माहेर मागे राहिलेलं असायचं आणि सासर अजून यायचं असायचं," त्या म्हणाल्या. "तेवढा वेळ मी कुणाचीच नसायचे. मला फार बरं वाटायचं हो. शिट्टी झाली की चढायचे… मनात यायचं, एकदा चढलेच नाही तर?" आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मला हे गाव आवडतं. एवढं कारण पुरत नाही का?"

मी संध्याकाळच्या गाडीनं एकटाच परत आलो.

त्यानंतर बारा-तेरा वर्षं वहिनी तिथे राहिल्या. पहिली दोन वर्षं अवघड गेली, हे मला त्यांच्या गालफडांवरून दिसत होतं. पण मग ठकूबाईनं त्यांना आवणीला औंढ्याला नेलं. आमच्या गिरगावच्या वहिनी डोक्यावर इरलं घेऊन गुडघाभर चिखलात उभ्या राहिल्या, रोपं वाकडी लावली, बायकांनी हसून ती पुन्हा लावली. त्या दिवसापासून त्या बायकांच्या झाल्या. डोंगरातल्या वाड्यांवरच्या बायका रानभाज्या घेऊन बाजाराला उतरायच्या. कुर्डू, टाकळा, भारंगी, अळंबी… या भाज्या वहिनी साठीनंतर शिकल्या आणि मला त्यांनी जबरदस्तीनं खाऊ घातल्या. कुणाच्या सुनेला दवाखान्यात न्यायचं, कुणाच्या पोरीला शाळेत घालायचं, ही कामं त्यांच्याकडे आपोआप येत गेली. मोठेपणा नव्हता त्यात. त्यांनाही ताप आला की ठकूबाई घरची कामं टाकून इथे वस्तीला असायची.

मंगल दर मे महिन्यात मुलांना घेऊन यायची, आंबे खाऊन, फिरून जायची. मायलेकींत बोलणं होतं, पण मधे काहीतरी आडवं पडलेलं होतं. मग एका वर्षी, मुलं मोठी झाल्यावर, मंगल आषाढात आली. एकटी, न कळवता. आठ दिवस राहिली आणि आठही दिवस पाऊस खळला नाही. त्यातल्याच रविवारी मी गेलो तर दोघी शेगडीजवळ बसून कपडे उलटेपालटे करत होत्या. मंगल मला म्हणाली, "काका, बाबा या दिवसांत काय करायचे हो?" मी तोंड उघडायच्या आत वहिनी सांगायला लागल्या. गटारं, दरडी, पंचा पिळून दाखवणं, सगळं. मंगल हसत होती आणि मधेच डोळे पुसत होती. तळेगावचा विषय दोघींनी काढला नाही. निघताना मंगल आईच्या पाया पडली आणि उठायला तिनं थोडा वेळ घेतला, एवढंच मी पाहिलं.

वहिनींचे दिवस झाले. माणसं परत गेली. मंगल म्हणते, घराचं काय करायचं ते दिवाळीनंतर ठरवू. मी गेल्याच वर्षी शाळेतून निवृत्त झालोय, पुण्यात माझी वाट बघणारं कुणी नाही, म्हणून पाऊस उघडला की कौलं शाकारून घ्यायच्या निमित्तानं इथे राहिलो आहे.

तेराव्यानंतरच्या सकाळी पडवीत आवाज झाला. बघतो तर ठकूबाई आणि आणखी चौघी-पाचजणी टोपल्या उतरवून, पदर पिळून भिंतीला टेकून बसलेल्या. रोज बाजाराला जाताना इथं टेकायची त्यांची रीत होती हे मला ऐकून माहीत होतं. मी आपलं म्हणालो, मावशी, वहिनी तर आता नाहीत.

"ठावं हाय की दादा," ठकूबाई म्हणाली. "आमीच उचलली न्हवं त्यास्नी. बसतो जरा. पाऊस हाय."

मी स्वयंपाकघरात गेलो. चहाचं भांडं शोधलं तर फळीवर एकट्या बाईच्या घरात शोभणार नाही असं मोठं पितळी पातेलं होतं, आतून चहानं काळंभोर झालेलं. शेजारी कानतुटके, वेगवेगळ्या आकारांचे कप एकात एक घालून ठेवलेले. साखर कुठे असते, आलं कुठे असतं, मला काही माहीत नव्हतं. ठकूबाई उठून दारापर्यंत आली आणि उंबऱ्यावरूनच सांगत राहिली… खालच्या फळीवं, डाव्या अंगाला, त्या लाल डब्यात. मी एकेक काढत गेलो. चहा जरा पांचट झाला. तसं कुणी बोललं नाही. बायकांनी कप विसळून उपडे घातले, टोपल्या डोक्यावर घेतल्या आणि पावसात निघून गेल्या.

आता रोज सकाळी मी ते पातेलं चढवतो. आलं किती घालायचं ते हळूहळू जमायला लागलं आहे.