चेस्टनटच्या उतारावर

नवऱ्याला आल्प्समध्ये सायकल चालवायची होती. रस्त्यावर नव्हे, तर डोंगराच्या कडेने जाणाऱ्या, एका वेळी एकच सायकल मावेल अशा पायवाटांवर, आणि तीही दिवसभर. त्याच्या ऑफिसातले दोघं आदल्या वर्षी तशी टूर करून आले, तेव्हापासून हे खूळ त्याच्या डोक्यात होतं. सिंगापुरात तसा डोंगर नाही, पण चेस्टनटच्या जंगलात मातीच्या अरुंद वाटा आहेत.

"एक अख्खा दिवस तिथे काढू," तो म्हणाला. "तुला जमलं तर आल्प्सचं तुझंही तिकीट काढतो."

मला सायकल आवडते, उतार आवडत नाही. तरी शनिवारी सकाळी आम्ही वुडलँड्सच्या आमच्या फ्लॅटमधून निघालो. वाटेवर झाडांची मुळं आडवी पसरलेली, लाल माती ओलसर. प्रत्येक उताराला मी ब्रेक दाबून धरायचे.

"चाकाकडे बघू नकोस, पुढे बघ," तो खालून ओरडायचा. "कंबर मागे ने!"

दुपारी झाडाखाली तूप-गुळाच्या पोळ्या खाल्ल्या. तेवढ्यात लांबून गडगडायला लागलं. इथे वीज पडते म्हणजे खरोखर पडते.

"परत फिरूया," मी म्हटलं.

"हा एवढा उतार, मग घरीच."

तो पुढे गेला, वळणाआड दिसेनासा झाला. मग धप्प असा आवाज आला. तो ओरडला नाही.

सायकल टाकून मी धावत खाली गेले. तो कुशीवर पडला होता, हेल्मेटला कानाच्या वर तडा गेलेला. डोळे उघडे होते, पण नजर माझ्यावर ठरत नव्हती. मी हाका मारत राहिले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "आपण कुठे आहोत?"

"चेस्टनटला. तू पडलास."

"अच्छा." तो उठून बसला. "आपण कुठे आहोत?"

मी अँब्युलन्सला फोन लावला. फोनवरची बाई शांत आवाजात इंग्रजीत विचारत होती. श्वास नीट चालू आहे का? रक्त येतंय का? मग म्हणाली, "वाटेवर नंबर लिहिलेले खांब असतात. जवळचा नंबर सांगा, म्हणजे माणसं नेमकी पोचतील."

खांब दिसत नव्हता. म्हणजे त्याला एकटं सोडून शोधायला जाणं आलं. मी त्याला झाडाला टेकवून बसवलं. "हलू नकोस, मी आलेच," म्हटलं. त्याने शहाण्या मुलासारखी मान हलवली. खांब वळणाच्या वर सापडला. नंबर वाचून दाखवला, धावत परत आले. झाडापाशी फक्त त्याची सायकल होती.

एवढी मी कधी घाबरल्याचं मला आठवत नाही. पाऊस सुरू झाला होता, झाडीत काहीच दिसेना. त्याचं नाव घेऊन ओरडले तर माझा आवाज मलाच परका वाटला. तो खालच्या ओढ्यावर टाकलेल्या फळीवर उभा सापडला, रस्ता चुकलेल्या माणसासारखा.

"ऑफिसला उशीर होतोय," तो म्हणाला.

मी त्याचा शर्ट मुठीत धरला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही. तिथेच चिखलात दोघं बसलो. वीज चमकली की मी डोळे मिटायचे.

"आईला फोन केलास का?" त्याने विचारलं.

सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. खोटं बोललं तर त्याचा मेंदू आणखी गोंधळेल, असं काहीतरी वाटलं.

"अरे, आई नाहीत आता," मी म्हटलं.

तो रडला, पुण्याहून त्या गेल्याचा फोन आला होता त्या दिवशी रडला होता तसाच, अगदी नव्याने. मी त्याला जवळ घेतलं. हळूहळू तो शांत झाला, त्याने तोंड पुसलं, आणि पुन्हा विचारलं, "आईला फोन केलास का?"

"केला," मी म्हटलं. "झोपल्यात त्या. संध्याकाळी बोलू."

"बरं."

त्यानंतर त्याने विचारलं की मी तेच उत्तर देत होते. चार माणसं स्ट्रेचर घेऊन चढून आली तेव्हा मी हाका मारून त्यांना आमच्यापर्यंत आणलं.

हॉस्पिटलात डोक्याचं स्कॅनिंग झालं. रक्तस्राव नव्हता. डॉक्टर म्हणाल्या, असं होतं, आठवण परत येईल. संध्याकाळी माझा चिखलाने भरलेला टॉप बघून तो म्हणाला, "हे काय झालंय तुला?" पुढे त्याला सगळं आठवलं, फक्त तो दिवस कधीच आठवला नाही. सकाळचं निघणंसुद्धा नाही. मी सांगितलं तेव्हा त्याने एकच विचारलं, "मी खरंच रडलो?"

आल्प्सची टूर पुढे ढकलली, रद्द केली नाही. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तो एका मित्राबरोबर पुन्हा चेस्टनटला गेला. मी गेले नाही. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबेपर्यंत जेवणाच्या टेबलाशी बसून राहिले, चहा तसाच गार झाला.

तो आला, पोटऱ्यांना लाल माती लागलेली.

"कुठे कुठे गेलात?" मी विचारलं.

त्याने वळणावळणाने सगळा रस्ता सांगितला. एरवी मी कंटाळले असते; त्या दिवशी एकेक वळण त्याला आठवतंय ना, तेच ऐकत राहिले.