बोधाचा रकाना

धम्मानंद सोनकांबळे यांना सिनेमा आवडत नाही, एवढंच म्हणणं अपुरं होईल. त्यांना न आवडणाऱ्या गोष्टींची यादी मोठी आहे आणि तीत सिनेमाचा नंबर बराच खाली, डीजे आणि पुतण्या यांच्यानंतर लागतो.

चौतीस वर्षं ते उदगीर स्टेशनावर पॉइंट्समन होते, म्हणजे सांधे बदलायचे आणि गाड्यांना झेंडी दाखवायचे. निवृत्तीनंतर वस्तीतल्या समाजमंदिराचे सचिव झाले. तिथल्या प्रत्येक कार्यक्रमाची नोंद रजिस्टरात होते: तारीख, कार्यक्रम, हजेरी आणि बोध. चौथा रकाना त्यांनी स्वतः पट्टीनं आखलेला. ज्या कार्यक्रमाचा बोध एका ओळीत लिहिता येत नाही त्याला पुन्हा समाजमंदिराची किल्ली नाही, हा नियमही त्यांचाच. या नियमाखाली आजवर एक जादूचा प्रयोग आणि दोन वाढदिवस कायमचे बंद पडले आहेत.

पुतण्या आनंदराज हायस्कुलात इंग्रजी शिकवतो आणि महिन्यातून एका रविवारी दुपारी समाजमंदिरात परदेशी सिनेमे दाखवतो. पडद्यावर संवादांच्या मराठी ओळी तो स्वतः लिहून टाकतो. पहिल्या तीन सिनेमांचे बोध त्यानंच सांगितले होते: ‘जीवन’, ‘माणुसकी’ आणि ‘युद्ध वाईट’. तिसरा ऐकून काका म्हणाले, “हे मला शिनेमा न बघता बी म्हाईत होतं.” चौथ्याला ते जातीनं येणार, आणि बोध सापडला नाही तर सोमवारच्या बैठकीत किल्ली परत घेणार, हे त्यांनी आनंदराजला त्याच्याच घरी, त्याचाच चहा पिताना सांगितलं. गावात दुसरी जागा कुणी देणार नव्हतं. किल्ली गेली की आनंदराजचं सिनेमा मंडळ संपलं.

“काका, ह्या शिनेमाचा अर्थ असा सरळ न्हाई,” आनंदराज म्हणाला.

“मग वाकडा सांग. पर एका ओळीत बसला पाहिजे.”

रविवारी काका पहिल्या रांगेत बसले. रजिस्टर मांडीवर, पेनाचं टोपण काढलेलं. शेजारी थोरली बहीण, पंचफुलाअक्का. अक्का छप्पनच्या धर्मांतराआधी जन्मल्या आणि धम्मानंद नंतर, हे नावांवरूनच कळतं. अक्कांना वाचता येत नाही. त्या आल्या होत्या ते पंख्यासाठी. समाजमंदिरातला पंखा घरच्यापेक्षा चांगला फिरतो.

सिनेमा कुठल्याशा थंड देशातला. एक ओसाड स्टेशन. गाडी कित्येक वर्षांत आलेली नाही, पण स्टेशनमास्तर रोज कोट घालून हजर. रुळांवरून एकामागून एक लाकडी कपाटं येतात, आपली आपण, आणि निघून जातात. याचं कुणालाच नवल वाटत नाही.

“काय म्हणून राहिलाय त्यो?” अक्कांनी विचारलं.

वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात ते धम्मानंद. समोर बसतात त्या अक्का, आणि नीट ऐकू आलं नाही की “पुन्हा” म्हणतात. ही सवय इतकी जुनी की, समोर अक्षर आणि शेजारी अक्का असल्यावर त्यांना गप्प बसता येत नाही. मालगाडीच्या खडखडाटातही ऐकू जाणाऱ्या आवाजात त्यांनी वाचलं, “आज कपाट कवा येतंय?” आणि मागं वळून आनंदराजला विचारलं, “ही काय भाषा झाली? प्रमाण मराठी येत न्हाई का तुला?”

“काका, जरा हळू वाचा की,” मागून साक्षी म्हणाली. ती नर्सिंगला आहे.

“तुला वाचता येतंय, तू मनात वाच. मी अक्कासाठी वाचून राहिलोय.”

अर्ध्या तासात त्यांनी रजिस्टरात सात आक्षेप लिहिले. तेवढ्यात स्टेशनमास्तरनं हिरवी झेंडी वर-खाली हलवली.

“चूक हाय,” आठवा आक्षेप लिहीत काका मोठ्यानं म्हणाले. “गाडी सोडायला झेंडी स्थिर धरायची. हलवली म्हंजे सावकाश.”

पडद्यावर मोठं बदामी कपाट येत होतं. झेंडी दिसताच ते हळू झालं आणि अगदी सावकाश फलाटाला लागलं.

धम्मानंदांनी आठवा आक्षेप खोडला.

कपाटाचं दार उघडून स्टेशनमास्तरची मेलेली आई बाहेर आली. हातात ओली धुणी. ती धुणी तिनं सिग्नलच्या तारेवर वाळत घातली आणि मुलाला काही विचारलं. काकांनी वाचलं, “जेवलास का?” आणि त्याचं उत्तर, “ही गाडी गेली की जेवतो.”

“पुन्हा,” अक्का म्हणाल्या.

“मागं घे,” काकांनी आनंदराजला फर्मावलं.

त्यानं मागं घेतलं. तीन वेळा. हॉलमध्ये कुणी तरी उसासा टाकला. काकांनी वळून बघितल्यावर तो परत घेण्यात आला.

“तू बी आईला असंच म्हणायचास,” अक्का म्हणाल्या.

“ड्युटी होती.”

शेवटी स्टेशनमास्तर स्वतःच कपाटात शिरला, आतून दार लावलं आणि कपाट निघालं. फलाटावर हिरवी झेंडी कुणाच्याही हाताशिवाय हवेत राहिली. स्थिर. काकांनी मान डोलावली.

“लई ग्वाड होतं,” अक्का उठताना म्हणाल्या. “काई कळलं न्हाई.”

आनंदराज पुढं आला. “काका, बोध ‘एकटेपणा’ लिहायचा का?”

“गप बस. तुला कुणी विचारलंय?”

सोमवारी बैठकीत अध्यक्ष केरबा मास्तरांनी रजिस्टर वाचलं. “हजेरी एकवीस. सिग्नल नियमाप्रमाणे. बोध: पुन्हा बघून कळविण्यात येईल.” त्यांनी चष्मा काढला. “म्हंजे बोध हाय का न्हाई?”

“चौकशी चालू हाय,” धम्मानंद म्हणाले.

“आन् किल्ली?”

“चौकशी मिटल्याबिगर किल्ली कशी काढायची? काई नियम हाय का न्हाई?”

नियम त्यांचाच असल्यामुळं अध्यक्षांनी रजिस्टर मिटलं. आनंदराजनं बैठकीत जमा केलेली किल्ली धम्मानंदांनी परत त्याच्याच पुढ्यात आपटली.

“येत्या रविवारी ह्योच लाव. तुझ्यासाठी न्हाई, रकान्यासाठी. काल अकरा मिनिटं लेट सुरू केलास. तिथं कपाटं बी टायमावर येतेत.”