एकच डबा, दोन जंतू

वाळूजच्या कारखान्यात मी आणि माझा मित्र बारा वर्षं एकाच टेबलावर जेवलो. मी पिशोरचा, तो फर्दापूरचा. त्याच्या डब्यात भाभीनं केलेला खिमा नाहीतर दालचा, माझ्या डब्यात भाकरी आणि बायकोनं रगडलेला ठेचा. त्यातला निम्मा तोच संपवायचा. नाक पुसत म्हणायचा, "भाऊ, हे खाल्लं की डोकं साफ होतं."

मागच्या उन्हाळ्यात एके दिवशी तो मशीनपाशी मटकन खाली बसला. चेहरा पांढराफटक.

"दोन दिवसांपासून संडास काळी होऊ राहिली," तो माझ्या कानाशी पुटपुटला. "डांबरासारखी. सांगायची लाज वाटली."

कंपनीच्या गाडीत घालून त्याला दवाखान्यात नेलं. दुर्बिणीनं तपासल्यावर अल्सर निघाला, त्यातून रक्त झिरपत होतं. दोन पिशव्या रक्त चढवावं लागलं.

भाभी वॉर्डाबाहेर बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "भाईसाब, ठेचा रोज तुम्हीच देत होते ना?"

आवाजात राग नव्हता, पण मला ते लागलं. घरी येऊन बायकोला म्हणालो, "उद्यापासून ठेचा नको. दोस्ताच्या पोटाला भोक पाडलं आपण."

"मग तुमच्या पोटाला कसं नाय पडलं?" ती म्हणाली. "निम्मा तर तुम्हीच खाता."

हा प्रश्न मी डॉक्टरांपुढं ठेवला. ते हसले. "मिरचीनं जळजळ वाढते, अल्सर होत नाही. त्यांच्या पोटात जंतू सापडलाय. आपल्याकडं पुष्कळांना असतो, बहुतेकांना लहानपणीच लागतो. तुमच्यातही असेल."

मलाही अधूनमधून ॲसिडिटी व्हायचीच. शिवाय याच जंतूवर पीएचडी करणारी एक मुलगी त्या दवाखान्यात नमुने गोळा करत होती. मीही नमुना द्यायला सही करून दिली. घशात फवारा मारला, दातांत प्लास्टिकची कडी दिली आणि दुर्बिणीची नळी आत गेली. मी जो काही आवाज काढला, त्यानं बाहेरच्या रांगेतली दोन माणसं उठून गेली, असं नर्सबाईंनी नंतर सांगितलं.

जंतू माझ्यातही होता. पोट मात्र ठीकठाक.

काही आठवड्यांनी त्या मुलीनं आम्हा दोघांना बोलावलं आणि मोबाइलवर एक फोटो दाखवला. काळ्या पट्टीवर पांढऱ्या रेघा, आमच्या जंतूंच्या जनुकांच्या. मित्राच्या रांगेत एक रेघ होती, ती माझ्या रांगेत नव्हती.

"जंतूचं नाव एकच आहे, पण वाण वेगळा," ती म्हणाली. "यांच्या जंतूकडं एक प्रथिन आहे. तो ते सुईसारख्या नळीतून जठराच्या पेशीत टोचतो, मग पेशी बिथरते, सूज वाढते. तुमच्या जंतूकडं ते नाहीच. दोघांकडं एक विषही आहे, पण तुमच्यातलं मवाळ घडणीचं, यांच्यातलं जहाल."

"म्हणजे फर्दापूरचा माल कडक निघाला!" मित्र खूश झाला.

"तसंही नाही," ती घाईनं म्हणाली. "असाच जंतू घेऊन कितीतरी माणसं धडधाकट फिरतात. माणसाची प्रकृती, तंबाखू, दुखण्याच्या गोळ्या, सगळं मिळून ठरतं."

गोळ्यांचं नाव निघताच मित्र खाली बघायला लागला. गुडघ्यासाठी तो मेडिकलमधून मनानंच गोळ्या आणून खायचा.

त्याच संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो आणि भाभीला सगळं सांगितलं. सुई, नळी, रेघा. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती.

"तो ठेच्याचा कसूर नाय?"

"नाय."

"मी तर सगळ्या गल्लीत सांगून बसले," ती म्हणाली, आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागली. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

डॉक्टरांना विचारून मीही त्याच्यासोबत चौदा दिवसांचा कोर्स घेतला. तोंडाला सारखी गंजलेला खिळा चघळल्यासारखी चव. आम्ही सकाळ-संध्याकाळ फोनवर एकमेकांना शिव्या द्यायचो आणि गोळ्या गिळायचो.

महिनाभर थांबून पुन्हा तपासणी केली. त्याचा तो जहाल जंतू साफ गेला होता. माझा मवाळ तसाच ठाण मांडून होता. ते औषध त्याला लागूच पडलं नव्हतं. डॉक्टरांनी दुसऱ्या गोळ्या लिहून दिल्या. सुट्टीचा दिवस असूनही मित्र माझ्याबरोबर आला होता. चिठ्ठी हातात घेऊन तो काउंटरच्या रांगेत जाऊन उभा राहिला, आणि मला म्हणाला, "तू बस. पेशंट आहेस."