लाटांवरची भावंडं आणि आमची विहीर

मित्रहो, कळवण्यास अत्यंत दुःख होते, की आज माझी दुपारची झोप एका कादंबरीने खाल्ली.

समुद्रकाठची चार भावंडं सर्फिंग करतात आणि दर लाटेनंतर एकमेकांना मिठ्या मारतात. एवढ्या जाड पुस्तकात कुणी कुणाला साधा धपाटा घालत नाही. आमच्या शिरूरकडे भावानं बहिणीला मिठी मारली, तर हक्कसोडपत्रावर सही झाली असं समजतात.

पुस्तक ताईनं दिलेलं. तळेगावला फोन करून तिला हे ऐकवलं.

"आन् तुझ्या पाठीला भोपळा बांधून हिरीत कुणी ढकललं व्हतं? पोरींनी उतरायचं न्हाई म्हनून मी काठावरच ऱ्हायले. मला पवायला शिकवनार व्हतास. कवा?"

आत्ता तेलाच्या रिकाम्या कॅनला दोरी बांधतोय. सकाळी तळेगावला निघतो. पन्नाशीतल्या बहिणीला एक कॅन पुरेल, की दोन घेऊ?